एक्झिट १४२ : हायवेला जोडणारा रस्ता कुणी बांधायचा?

ओटावाहून हायवे ४१७ ने पश्चिमेकडे निघालात, की ग्रीनबेल्टची शेतं आणि झाडी मागे पडतात आणि कनाटा सुरू होतं. आणखी थोडं पुढे गेलं की एक्झिट १४२ येतो. पाटीवर लिहिलेलं असतं 'पॅलेडियम ड्राइव्ह'. ऑन्टारिओत एक्झिटचा आकडा म्हणजे हायवेच्या सुरुवातीपासूनचं अंतर. म्हणजे आपण क्युबेकच्या हद्दीपासून साधारण १४२ किलोमीटरवर आलेलो असतो. उजेडात दिसणारी मोठी इमारत म्हणजे ओटावा सेनेटर्स या आइस हॉकी संघाचं अरेना. जवळच आउटलेट मॉल आहे. भारतातून आई-बाबा आले की बहुतेक मराठी घरं एकदा तरी तिथे फेरी मारतात.

या एक्झिटवरून उतरताना कुणालाही त्यात काही खास वाटत नाही. चार रॅम्प, एक पूल, दोन सिग्नल. पण सुमारे ३५ वर्षांपूर्वी याच रॅम्पवरून शहर, प्रांत सरकार, शेतजमीन वाचवू पाहणारे लोक आणि एक बिल्डर यांच्यात मोठा वाद झाला होता. वरवर तो हॉकीचा वाद वाटायचा. खरा प्रश्न असा होता की सरकारी हायवेला जोडणारा रस्ता कुणी बांधायचा, आणि त्या रस्त्यामुळे जमिनीची जी किंमत वाढते ती कुणाच्या खिशात जायची?

'रस्ते कोण बांधतं' हा विषय आम्ही पॉडकास्टमध्ये घेतला तेव्हा वेळेअभावी ही गोष्ट अर्धवट राहिली. म्हणून ती इथे नीट सांगतो. आज ती सांगायला आणखी एक कारण आहे. ज्या अरेनासाठी हा एक्झिट बांधला, ते अरेनाच तिथून हलण्याच्या बेतात आहे.

हायवेला मनात येईल तिथे जोडता येत नाही

आधी थोडी तांत्रिक बाजू. आपल्याकडच्या जुन्या राष्ट्रीय महामार्गांवर ढाबा, पेट्रोल पंप, गावाचा रस्ता, शेताची वाट असं सगळं थेट रस्त्यावर उघडतं. उत्तर अमेरिकेतल्या फ्रीवेंचं तसं नसतं. हायवे ४१७ हा 'नियंत्रित प्रवेश' असलेला रस्ता आहे. शेजारी तुमची जमीन असली तरी तुम्हाला थेट हायवेवर यायचा हक्क नसतो. चढायचं-उतरायचं फक्त ठरलेल्या ठिकाणी. त्या ठिकाणाला इंटरचेंज म्हणतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याला बाहेर पडतो, तसंच.

हे ठरवायचं कुणी? हायवे ४१७ हा ऑन्टारिओ प्रांताचा रस्ता आहे, शहराचा नव्हे. त्यामुळे नवा इंटरचेंज करायचा तर प्रांताच्या परिवहन मंत्रालयाची परवानगी लागते. मंत्रालयाचा अधिकार डांबराच्या कडेला संपत नाही. ऑन्टारिओच्या महामार्ग कायद्यानुसार अशा हायवेपासून ८०० मीटरच्या आत मोठी गर्दी जमवणारं काही उभारायचं असेल तर मंत्रालयाचा परवाना लागतो. कायद्यात उदाहरणं दिली आहेत त्यात शॉपिंग सेंटर आहे, रेसचं मैदान आहे आणि स्टेडियमही आहे.

यामागचं गणित सोपं आहे. समजा, १८,५०० लोक मॅचला येणार आहेत आणि एका गाडीत सरासरी अडीच माणसं आहेत. म्हणजे साधारण ७,४०० गाड्या. रॅम्पच्या एका लेनमधून तासाला फार तर १,८०० च्या आसपास गाड्या जातात. सगळ्या गाड्या एकाच लेनने उतरायच्या म्हटलं तर चार तास लागतील, आणि मॅच तर अडीच तासांत संपते! मग गाड्यांची रांग हायवेवरच उभी राहते आणि ज्यांचा हॉकीशी काही संबंध नाही तेही तासभर अडकतात. म्हणून एवढं मोठं अरेना शहराबाहेर बांधायचं म्हटलं की इंटरचेंज ही चैन राहत नाही. तो नसेल तर अरेनाच होऊ शकत नाही.

कनाटा आणि त्या वेळचा कारभार

ओटावाभोवती ग्रीनबेल्ट का आहे हे कळलं की कनाटा कळतं. १९५० साली फ्रेंच नगररचनाकार जाक ग्रेबेर यांनी राजधानीसाठी आराखडा दिला. शहराने वेडंवाकडं पसरू नये म्हणून भोवती शेतं आणि जंगलांचा पट्टा राखायचा, ही कल्पना त्यातली. केंद्र सरकारने पुढे जमिनी घेऊन सुमारे २०,००० हेक्टरचा पट्टा तयार केला. शहर थांबलं का? नाही. ते पट्ट्यावरून उडी मारून पलीकडे वाढलं. १९६० च्या दशकात बिल टेरॉन या बिल्डरने पश्चिमेला झाडीतली आखीव वसाहत म्हणून कनाटाची सुरुवात केली. 'गाव' या अर्थाच्या ज्या इरोक्वा शब्दावरून कॅनडा हे नाव आलं, त्याच शब्दावरून हेही नाव आलं. १९७८ मध्ये कनाटा स्वतंत्र शहर झालं. मायटेल, न्यूब्रिज अशा टेलिकॉम कंपन्या तिथे वाढल्या. आज तिथल्या टेक पार्कात मराठी आवाज कानावर पडतात त्याचं मूळ तिथे आहे.

म्हणजे १९९० च्या सुमाराला परिस्थिती अशी होती : कनाटाची स्वतःची नगरपालिका, तिच्यावर ओटावा-कार्लटनची प्रादेशिक परिषद, तिच्यावर ऑन्टारिओ प्रांत, आणि राजधानीचा प्रदेश म्हणून केंद्र सरकारही आसपास. जमिनीचा वापर एकाने ठरवायचा, मोठ्या रस्त्यांचा विचार दुसऱ्याने करायचा आणि हायवे तिसऱ्याच्या ताब्यात. हे वाचून पुणे महापालिका, पीएमआरडीए, एमआयडीसी आणि महामार्ग प्राधिकरण आठवलं तर नवल नाही. त्याकडे पुढे येऊच.

संघ आणायचा, पण पैसा जमिनीतून

ओटावाचा जुना सेनेटर्स संघ १९३४ मध्ये शहर सोडून गेला होता. एनएचएल ही मोठी लीग १९८९ च्या सुमारास नवे संघ देणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा ब्रूस फायरस्टोन या ओटावाच्या उद्योजकाने संघ परत आणायचं ठरवलं. त्याची कंपनी टेरेस इन्व्हेस्टमेंट्स ही मूळची जमीन आणि बांधकाम क्षेत्रातली.

संघाची फी ५ कोटी अमेरिकन डॉलर होती. एवढा पैसा तिकिटं विकून उभा राहणार नव्हता. मग योजना अशी होती : कनाटाच्या पश्चिम सीमेवर सुमारे ६०० एकर शेतजमीन घ्यायची. तिच्यावर अरेना बांधायचं. अरेना आलं की भोवती हॉटेलं, ऑफिसं, घरं येतील. शेतीची म्हणून घेतलेली जमीन शहरी झाली की तिची किंमत कित्येक पट होईल, आणि त्या वाढीतून संघाचा खर्च निघेल. यात लपवाछपवी काही नव्हती. योजनाच तशी होती. १९८९ मध्ये जमीन घेतली, डिसेंबर १९९० मध्ये एनएचएलने ओटावाला संघ मंजूर केला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शेतजमिनीची किंमत दोन सरकारी निर्णयांनी वाढणार होती. एक म्हणजे झोनिंग बदलणं, 'शेती'ऐवजी 'व्यापारी' असा शिक्का मिळणं. दुसरा म्हणजे हायवेला जोडणी मिळणं. पहिला नसेल तर बांधता येत नाही, दुसरा नसेल तर लोक पोचत नाहीत. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. एनए झालेली जमीन आणि रस्त्याला लागून असलेली जमीन यांचे भाव आपल्या घरोघरी माहीत असतात.

तीन बाजू, तिन्हींना मुद्दे

संघ मंजूर झाला त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, ऑक्टोबर १९९० मध्ये, ऑन्टारिओत बॉब रे यांचं एनडीपी सरकार आलं होतं. प्रांताच्या इतिहासातलं पहिलं एनडीपी सरकार. त्यात मंदी सुरू झालेली. नव्या सरकारचं धोरण असं होतं की चांगली शेतजमीन शहराच्या पोटात जाऊ नये आणि खासगी अरेनासाठी सरकारी तिजोरीतून रॅम्प बांधू नयेत.

विरोधकांचं म्हणणं समजायला सोपं होतं. एकदा इंटरचेंज झाला की फक्त अरेना येत नाही, मागोमाग सगळंच येतं. मग ६०० एकरांवर थांबवणार कसं? शिवाय शहराच्या मध्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, जिथे गाडीशिवाय पोचणं कठीण, तिथे एवढी गर्दी जमवायची कशाला?

समर्थकांचेही मुद्दे पोकळ नव्हते. हायवे सगळ्यांच्या पैशाने बांधलेला असतो आणि प्रांत इतर ठिकाणी इंटरचेंज स्वतःच बांधतोच. कनाटातले लोकही कर भरतात. पश्चिमेकडे वस्ती आणि कंपन्या वाढतच होत्या. आज ना उद्या तिथे एक्झिट लागणारच होता. मग एकट्या अरेनाने सगळा खर्च का उचलायचा? आणि संघ आल्याने नोकऱ्या आणि कर मिळणार होते, त्यात प्रांताचाही वाटा होताच.

तिसरी बाजू होती या भांडणात न पडलेल्या लोकांची : रोज ४१७ वरून कामाला जाणारे, आणि शेजारी शेती करणारे. मॅचच्या दिवशी रांग कुठपर्यंत येणार आणि जमिनीचे भाव वाढल्यावर शेती परवडणार का, हे त्यांचे प्रश्न. अशा वादात हा गट नेहमी मोठा असतो आणि त्याचा आवाज सगळ्यात लहान.

निकाल लावला बोर्डाने

अशी भांडणं मिटवायला ऑन्टारिओत तेव्हा ऑन्टारिओ म्युनिसिपल बोर्ड होतं. ही अर्धन्यायिक संस्था. तिचे सदस्य प्रांत सरकार नेमतं, लोक निवडून देत नाहीत. नगरपालिकेचा झोनिंगचा निर्णय पटला नाही, तर बिल्डरच नव्हे, सामान्य रहिवासीही तिथे दाद मागू शकत असे. साक्षी, तज्ज्ञ, उलटतपासणी असं कोर्टासारखं कामकाज चालायचं. महाराष्ट्रात आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते, पण शेवटी मंजुरी नगरविकास खात्याची असते. त्यापुढे जायचं तर थेट उच्च न्यायालय. मधली अशी पायरी आपल्याकडे नाही.

१९९१ च्या मे महिन्यापासून सुनावणी चालली आणि ऑगस्टच्या अखेरीस निकाल आला. बोर्डाने झोनिंग बदलायला मंजुरी दिली, पण अटी घालून. अरेना २२,५०० ऐवजी १८,५०० आसनांचं असावं. सुरुवातीच्या सुमारे १०० एकरांबाहेर तूर्त काही बांधू नये. आणि इंटरचेंजचा खर्च प्रांत करणार नसल्याने तो प्रकल्पाने उचलावा.

निकाल वाचला तर वाटतं की दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळालं. पण योजनेचं गणित आठवून बघा. आजूबाजूच्या ५०० एकरांचे भाव वाढतील आणि त्यातून अरेना उभं राहील, हा त्याचा पाया होता. बोर्डाने नेमकी तीच जमीन गोठवली आणि वर रॅम्पचा खर्च अंगावर घातला. म्हणजे उत्पन्न पुढे ढकललं आणि खर्च आधी आणला.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. जून १९९२ मध्ये भूमिपूजन झालं, पण खरं बांधकाम जुलै १९९४ पर्यंत सुरू होऊ शकलं नाही. मधली दोन वर्षं कर्ज देणारे शोधण्यात गेली. केंद्र सरकारने ६० लाख डॉलरचं अनुदान दिलं, बाकीचं कर्जातून उभं करावं लागलं. १९९३ मध्ये संघ फायरस्टोनच्या हातून रॉड ब्रायडन यांच्याकडे गेला. सेनेटर्स तोवर शहरातल्या जुन्या, छोट्या सिव्हिक सेंटरमध्ये खेळत होते. शेवटी जानेवारी १९९६ मध्ये अरेना उघडलं. नाव पॅलेडियम. महिनाभरातच कंपनीला नाव विकून ते कोरेल सेंटर झालं, पुढे स्कोशियाबँक प्लेस, मग कॅनेडियन टायर सेंटर. रस्त्याचं नाव मात्र पॅलेडियम ड्राइव्ह राहिलं. जानेवारी २००३ मध्ये संघाने दिवाळखोरी संरक्षण मागितलं. त्याला रॅम्प हे एकच कारण नव्हतं. घसरलेला कॅनेडियन डॉलर आणि खेळाडूंचे अमेरिकन डॉलरमधले पगार हेही होतं. पण कर्जाचं ओझं पहिल्या दिवसापासून होतं, आणि त्या ओझ्यात एका इंटरचेंजचा वाटा होता.

मग प्रांताचं चुकलं का?

याचं उत्तर देण्याआधी त्याच काळातली आणखी दोन अरेना बघू. व्हँकुव्हरचं १९९५ मध्ये उघडलं, माँट्रियलचं मार्च १९९६ मध्ये. दोन्ही खासगी पैशातून बांधलेली. दोन्हींसाठी नवा इंटरचेंज लागला नाही. व्हँकुव्हरचं अरेना स्कायट्रेन स्थानकाजवळ आहे, माँट्रियलचं तर मध्यवर्ती भागात रेल्वे आणि मेट्रोला चिकटून. याचा अर्थ इंटरचेंज हा हॉकीचा खर्च नव्हता. तो जागेचा खर्च होता. जमीन स्वस्त मिळाली, कारण तिथे जोडणी नव्हती. स्वस्त जमिनीचा फायदा खासगी आणि तिला जोडणी देण्याचा खर्च सार्वजनिक, असं व्हायला प्रांताने नकार दिला. ऑन्टारिओत १९८९ साली विकास शुल्काचा कायदा झाला होता, त्यामागेही हेच तत्त्व आहे : वाढीमुळे जो खर्च येतो तो वाढीने भरावा.

हे तत्त्व महाराष्ट्रालाही परकं नाही. एमआरटीपी कायद्यात १९९२ मध्ये विकास शुल्काची तरतूद आली. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर इथे एप्रिल २०२२ पासून घर घेताना मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी १ टक्का अधिभार द्यावा लागतो. पण फरक बघा. तो अधिभार शहरात कुठेही घर घेणारा भरतो, मेट्रो त्याच्या दारात असो वा नसो. ज्याच्या जमिनीचा भाव मेट्रोमुळे दुप्पट झाला आणि ज्याने ती विकलीच नाही, त्याला काहीच द्यावं लागत नाही.

म्हणून माझ्या मते प्रांताचं तत्त्व बरोबर होतं, वापरलं मात्र अर्धवट. खर्च प्रकल्पावर टाकला, पण त्या जोडणीचा फायदा पुढे ज्यांना मिळणार होता त्यांच्याकडून काही घ्यायची सोय केली नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच एक्झिटजवळ टँगर आउटलेट मॉल उघडला. आजूबाजूला गाड्यांचे शोरूम आले, घरं आली. रॅम्पचं कर्ज एकाने काढलं आणि रॅम्प सगळ्यांनी वापरला. याउलट प्रांताने इंटरचेंज स्वतः बांधून पुढची वीस-तीस वर्षं भोवतीच्या प्रत्येक नव्या बांधकामाकडून त्याचा हिस्सा वसूल केला असता, तर? तेव्हा तो पर्याय 'देणार' आणि 'देणार नाही' यांच्या आवाजात हरवला.

विरोधकांची भीतीही निम्मी खरी ठरली. इंटरचेंजमागून विकास आला. टोरोंटो विद्यापीठातल्या जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकन शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की शहरातल्या महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, साधारण त्याच प्रमाणात गाड्यांनी कापलेले किलोमीटरही वाढतात. नवी जागा नव्या गाड्या भरून काढतात. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की नुसती सार्वजनिक वाहतूक वाढवूनही रस्त्यावरची गर्दी कमी होत नाही. तेव्हा 'इंटरचेंज नको, बस द्या' एवढं म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही.

हिंजवडीच्या आरशात

कनाटात आधी जोडणी, मग बांधकाम, असा क्रम कायद्याने पाळायला लावला. हिंजवडीत उलटं झालं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीने मुळशी तालुक्यात आयटी पार्क उभा करायला घेतला. कंपन्या आल्या, लाखांच्या घरात नोकऱ्या आल्या. मुंबई-बंगळुरू महामार्गावरून आत जायचे मार्ग मात्र वाकड आणि भूमकर चौकाकडचे मोजकेच राहिले. तुमच्यापैकी अनेकांची पहिली नोकरी तिथेच झाली असेल, त्यामुळे पुढचं सांगायला नको.

तिथे जबाबदारी कुणाची? आतले रस्ते एमआयडीसीचे, गाव ग्रामपंचायतीचं, आसपासचा प्रदेश पीएमआरडीएचा, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आणि महामार्ग केंद्राचा. शिवाजीनगरपर्यंतच्या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पार्क सुरू झाल्यावर जवळपास वीस वर्षांनी. तोवर जोडणीचा खर्च कुणीच भरला नाही असं नाही. इंजिनिअर, ड्रायव्हर, हाउसकीपिंगच्या बायका, सगळ्यांनी तो रोज दोन-तीन तासांच्या रूपात भरला. तो कुठल्या बजेटमध्ये दिसत नाही, म्हणून त्यावर सुनावणीही होत नाही.

कनाटाच्या वादात पाच वर्षं गेली म्हणून त्याला दिरंगाई म्हणता येईल. पण निदान प्रश्न आधी विचारला गेला, आणि खर्च कुणाचा हे कागदावर आलं.

आता अरेनाच निघालंय

सेनेटर्सचे मालक पुढे दोनदा बदलले. मॅचला कनाटापर्यंत यायला लागतं, ही शहरातल्या प्रेक्षकांची तक्रार कधी मिटली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये संघाने आणि नॅशनल कॅपिटल कमिशनने जाहीर केलं, की नवं अरेना लेब्रेटन फ्लॅट्सवर बांधण्याबाबत तत्त्वतः एकमत झालं आहे. ही जागा संसदेपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि शेजारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या लाइट रेलचं पिमिसी स्थानक आहे. म्हणजे जो प्रश्न १९९१ मध्ये इंटरचेंज बांधून सोडवला, तो आता जागा बदलून सोडवायचा विचार आहे.

लेब्रेटनचाही इतिहास आहे. तिथली कामगार वस्ती १९६२ मध्ये केंद्र सरकारने ताब्यात घेतली, हजारो लोकांना उठवलं आणि नंतर ती जमीन कित्येक दशकं ओसाड राहिली. त्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं.

कनाटापुढे आता नवा प्रश्न आहे. अरेना गेलं, तर मागे काय उरेल? पार्किंगची मोठी मैदानं आणि एक तयार इंटरचेंज. संघाची नावं, मालक, इमारती येतात-जातात. हायवेची जोडणी काढून टाकल्याचं क्वचितच ऐकू येतं. त्यामुळे त्या जमिनीवर पुढे काय येणार याची चर्चा होईलच, आणि ती चर्चा १९९१ पेक्षा वेगळ्या नियमांनी होईल.

ऑन्टारिओ म्युनिसिपल बोर्ड आता नाही. २०१८ मध्ये त्याच्या जागी वेगळं ट्रिब्युनल आलं, २०२१ मध्ये ते ऑन्टारिओ लँड ट्रिब्युनलमध्ये विलीन झालं. जून २०२४ मध्ये प्रांताने 'बिल १८५' मंजूर केलं. घरांची टंचाई आहे, अपिलांमुळे बांधकामं रखडतात, हे त्यामागचं कारण, आणि ते खोटं नाही. पण त्यामुळे शेजारच्या सामान्य रहिवाशाला झोनिंग बदलाविरुद्ध ट्रिब्युनलकडे जायचा हक्क राहिला नाही. अर्जदार, सरकारी संस्था, त्या जमिनीचे मालक अशा मोजक्यांनाच तो उरला. १९९१ सारखी सुनावणी आज व्हायची तर समोरच्या बाकावर रहिवासी बसू शकणार नाहीत.

तुमचं काय काम आहे यात?

हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण वर्क परमिटवर असतील, कुणी पीआर, कुणी नुकते नागरिक झालेले. 'आपण इथले नाही, आपण कशाला बोला' असं वाटणं मी समजू शकतो. ऑन्टारिओत नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदान फक्त कॅनेडियन नागरिकांना करता येतं. पुढची निवडणूक २६ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पण झोनिंगच्या अर्जावर शहराला जाहीर सभा घ्यावी लागते, आणि तिथे बोलायला किंवा लेखी म्हणणं द्यायला नागरिकत्व लागत नाही. अपिलाचा दरवाजा जवळपास बंद झाल्यावर ही सभा हीच सामान्य माणसाची पहिली आणि शेवटची संधी उरते. म्हणून तिचं महत्त्व वाढलं आहे, कमी झालेलं नाही.

तिथे जाऊन काय विचारायचं? एक्झिट १४२ च्या गोष्टीतून मला चार प्रश्न मिळाले. जोडणी नेमकी कुणासाठी हवी आहे, आज राहणाऱ्यांसाठी की उद्या विकल्या जाणाऱ्या जमिनीसाठी? तिचा खर्च कोण करणार, आणि ते लेखी आहे का? तिच्यामुळे जमिनीचा जो भाव वाढेल, त्यातून लोकांकडे परत काय येणार? आणि ज्या प्रकल्पासाठी ती मागितली तो तीस वर्षांनी तिथे नसेल, तेव्हा ती कुणाच्या उपयोगाची असेल?

हे प्रश्न कनाटासाठीच आहेत असं नाही. पुढच्या सुट्टीत पुण्याला गेलात आणि कुणी काका अभिमानाने म्हणाले, "आपल्या प्लॉटच्या मागूनच रिंग रोड जाणार आहे, इंटरचेंजपण तिथेच," तर पेढा जरूर घ्या. आणि मग शांतपणे विचारा, "काका, ते बांधणार कोण?"